आईला ट्रायलमध्ये घेऊ का विचारताहेत (संधिवात / सोरायसिस)

कुळागर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज लिहायची गरज पडली.

आई एकसष्ट वर्षांची, वेंगुर्ला तालुक्यात घरीच असते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए) आहे. आमच्याकडे सगळ्यालाच 'वात' म्हणतात, त्यातला हा वाईट प्रकार. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, फारच धरलं की थोडे दिवस स्टेरॉइडची बारीक गोळी. तरी सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही. आडाळ्यावर बसून खोबरं किसायला गेली की कवड हातातून निसटते. म्हणून हल्ली बाबा किसतात, ते करवंटीपर्यंत किसतात, वाटप काळं पडतं, आणि त्यावरून दोघांचं रोज वाजतं.

भावाने मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. तिथे सांगितलं की मेथोट्रेक्सेट पुरेशी लागू न पडलेल्यांसाठी एका नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल चालू आहे, औषध-तपासण्या सगळं फुकट, घरी जाऊन विचार करा. मराठी माहितीपत्रकाचा जाडजूड गठ्ठा दिलाय. बाबा म्हणतात, फुकट देतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. भाऊ म्हणतो, एरवी आपल्याला ही औषधं झेपणार आहेत का? आई म्हणते, तुम्ही ठरवा. मला नेमकं तेच पटत नाही.

दुसरं म्हणजे काकीला सोरायसिस आहे, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांत. गेलं वर्षभर तिचीही बोटं दुखतात. ती म्हणते मलाही त्याच ट्रायलमध्ये घाला, आम्हा दोघींची गोळी एकच तर आहे! तिलाही मध्यंतरी मेथोट्रेक्सेट दिली होती.

कोणी स्वतः भाग घेतलाय का अशा चाचणीत?

खाडीपलीकडे

सरळ नाही म्हणून मोकळे व्हा. गरिबाच्या अंगावर औषधं तपासायची आणि मग परदेशात विकायची, हा धंदा जुना आहे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत आदिवासी मुलींना एचपीव्ही लस दिली तेव्हा संमतीच्या कागदांचा कसा बोजवारा उडाला होता ते वाचा. प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. कोकणातली माणसं 'डॉक्टरान सांगल्यान' म्हटलं की सही करतात.

डॉ. कातळसडा

खाडीपलीकडे, तुमचा राग अनाठायी नाही. पण त्या आणि तशा प्रकरणांनंतर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, आणि पुढे २०१९ चे नवे नियम आले, हेही त्याच गोष्टीत येतं. त्यावर कोणी जाणकार लिहील. मी आधी काकींबद्दल लिहितो, कारण घोळ तिथे व्हायची शक्यता जास्त आहे.

दोघींना एकच गोळी मिळाली म्हणून आजार एक होत नाही. सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांचे पुढेमागे सांधे धरतात. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांत आधी कातडी आणि काही वर्षांनी सांधे असा क्रम असतो, त्यामुळे पेशंट कातडीच्या डॉक्टरकडे बोटांचं बोलत नाही आणि हाडांच्या डॉक्टरकडे कोपर दाखवत नाही. कुळागर, काकींची नखं उजेडात धरून बघा. सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? नख टोकाकडून सुटून पिवळट झालंय का? एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत अख्खं सुजतं का? आणि दुखणारा सांधा नखाला लागूनचा शेवटचा आहे का? आरए सहसा तो सांधा सोडून देतो, सोरायसिसवाला तोच पकडतो. रक्तात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्ह येतो आणि मग 'तुम्हाला वात नाही' असं सांगून घरी पाठवलेले पेशंट मी पाहतो.

फरक कळला नाही तर बिघडतं काय? आरएत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सर्रास देतात, सोरायसिस असलेल्या काहींची कातडी तिने भडकते. स्टेरॉइड पोटात घेऊन एकदम बंद केलं तर सोरायसिस उसळून येतो, कधीकधी पुवाचे फोड घेऊन. आयएल-१७ या रेणूला अडवणारी इंजेक्शनं सोरायसिसवर जबरदस्त चालतात. त्यातल्याच सेक्युकिनुमॅबच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांत ८१.६ टक्के लोकांची कातडी पाऊण हिश्श्याहून जास्त सुधारली, प्लासिबोवर (औषध नसलेल्या, नुसत्या दिखाव्याच्या इंजेक्शनवर) फक्त ४.५ टक्के लोकांची. हीच जातकुळी आरएत मात्र फिकी पडली. टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी औषधं दोन्ही आजारांत चालतात, तरी गंमत अशी की आरएसाठी ती घेणाऱ्या थोड्या लोकांना नव्यानेच सोरायसिस उठतो. संशोधकांना आजार नेमका कोणता हे आधी पक्कं हवं असतं ते यासाठी. आईच्या चाचणीत काकींना घेणार नाहीत, आणि कोणी 'घेऊ की' म्हणालाच तर तिथून उठून या.

मालवणी खाजा

माझ्या मावशीक दहा वर्सां 'पित्त उठला' म्हणान सांगी होते. शेवटाक सोरायसिस निघालो. डॉक्टरांचा नखांचा वाचून आताच तिका फोन केलंय, नखां बघ म्हटलंय. ती म्हणता, संध्याकाळच्या वक्ताक बोटां कसली बघतंस मेल्या!

निगडीचा पाला

चर्चा चांगली चाललीय, पण सगळे मुंबईकडेच का बघता? निगडीच्या पाल्याचा शेक आणि उंडीचं तेल यावर आमच्या आजीने हातपाय चालते ठेवले. कातडीला कोकमाचं तेल. आयुर्वेदात आमवाताची सविस्तर चिकित्सा आहे. त्यावर संशोधन करायला मात्र कोणाला पैसा नसतो.

डॉ. कातळसडा

पैसा मिळाला आणि कामही झालंय. कोइंबतूरला अमेरिकी सरकारच्या निधीतून आरएच्या ४३ पेशंटवर चाचणी झाली: एका गटाला शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. कोणाला खरं काय मिळतंय हे कळू नये म्हणून खोट्या गोळ्या आणि खोटे काढेसुद्धा होते. २०११ मध्ये निकाल छापून आले, तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. पण ४३ माणसं म्हणजे चाचपणीच, त्यावरून 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटइतकाच' असंही म्हणता येत नाही आणि 'आयुर्वेद फोल' असंही नाही. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांनीही आयुर्वेदिक औषधांच्या अशा चाचण्या अनेक वर्षं केल्या. भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजदाद त्यांच्याच चमूने केली, त्यात आरएचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं.

शेक घ्या, तेल लावा. कोकमाचं तेल कोरड्या कातडीला उत्तमच. माझी तक्रार बिननावाच्या पुडीबद्दल आहे. बाजाराच्या दिवशी येणारा माणूस 'वाताची पुडी' देतो, चार दिवसांत माणूस उड्या मारतो. चेहरा गोल होऊन साखर वाढल्यावर माझ्याकडे येतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

बंदरावरचा

मी घेतलाय भाग. हर्णैला मासळीच्या लिलावात असतो. सोरायसिस पंधरा-सोळा वर्षांचा. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या केंद्रावर इंजेक्शनच्या ट्रायलमध्ये होतो. नाव-गाव लिहीत नाही.

पहिली गोष्ट, तिथे तुमच्याकडे जेवढं निरखून बघतात तेवढं तुमच्या बायकोनेही कधी बघितलेलं नसतं. डोकं, हात, धड, पाय असे चार भाग पाडतात. प्रत्येक भागात लाली किती, जाडी किती, खपल्या किती आणि केवढ्या जागेवर, याचे आकडे. आपला पंजा बोटांसकट धरला तर अंगाचा साधारण एक टक्का, त्या मापाने चट्टे मोजतात. सगळ्याचा मिळून आकडा येतो त्याला पासी म्हणतात, शून्यापासून ७२ पर्यंत. फोटो काढतात, चेहरा झाकून. मग कागद: गेल्या आठवड्यात खाजेने झोपमोड झाली का, कपडे निवडताना चट्ट्यांचा विचार केला का, नवराबायकोच्या संबंधात अडचण आली का. शेवटच्या प्रश्नाला मी पेन खाली ठेवलं होतं. समोरची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने शांतपणे सांगितलं, दादा तुम्हीच भरा, मी बाहेर थांबते.

दुसरी गोष्ट, हिशेब. घरी न्यायला खाजेच्या गोळ्या दिल्या होत्या, तर रिकामी पाकिटंसुद्धा परत मागत. एक पाकीट बायकोने चुलीत घातलं, त्यावर लेखी खुलासा घेतला! आमच्या सोसायटीत डिझेलचा हिशेब एवढा ठेवला असता तर!

तिसरी, आणि यावरच सगळे अडतात. पहिले काही आठवडे मला काहीच फरक नव्हता, उलट वाढलं. नंतर सगळ्यांनाच खरं औषध देण्याचा टप्पा होता, तेव्हा महिन्याभरात पाठ साफ. ट्रायल पूर्ण झाल्यावर कळलं की सुरुवातीला मी प्लासिबोवर होतो. राग आला का? थोडा आला. पण हे होऊ शकतं असं आधीच कागदावर होतं आणि वाचूनही दाखवलं होतं.

आता चौथी, जी मला कोणी नीट सांगितली नव्हती किंवा मी विचारली नव्हती. ट्रायल संपली, औषध संपलं. ते बाजारात आलं तेव्हा किंमत बघून गप्प बसलो. चट्टे हळूहळू परत आले. आता मेथोट्रेक्सेट आणि उन्हाळ्यात सकाळचं ऊन यावर बरं चाललंय. कुळागर, 'संपल्यावर काय' हे आधी विचारून घ्या.

खाडीपलीकडे

बघा! म्हणजे आजारी माणसाला मुद्दाम साध्या पाण्याचं इंजेक्शन देत राहिले. याला फसवणूक म्हणत नाहीत तर काय?

डॉ. कातळसडा

फसवणूक न सांगता करतात. बंदरावरच्या दादांना सांगितलं होतं. आणि प्लासिबो कशाला लागतो त्याची दोन उदाहरणं देतो.

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आरएने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये नोबेल. जगभर वाहवा. आणि मग गोल चेहरे, ठिसूळ हाडं, जठराचे व्रण दिसायला लागले. औषध खरंच काम करत होतं, पण किती काळ, कोणत्या मात्रेला आणि काय किंमत देऊन, हे कळायला पुढची कित्येक वर्षं पेशंटनेच मोजली.

उलट १९९४ ची चाचणी घ्या. लंडनमध्ये डॉ. रविंदर मैनी (मूळ लुधियानाचे) आणि डॉ. मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ अडवण्याची कल्पना मांडली होती. आरएच्या ७३ पेशंटना तीन गटांत वाटलं आणि एकेकदाच सलाइनमधून औषध दिलं. चार आठवड्यांनी प्लासिबो गटात २४ पैकी २ जणांना फरक होता, कमी मात्रेच्या गटात २५ पैकी ११, जास्त मात्रेच्या गटात २४ पैकी १९. एवढ्याशा माणसांत एवढं स्वच्छ उत्तर मिळालं ते समोर तुलनेचा गट होता म्हणून. आज जगात लाखो लोक या जातीची इंजेक्शनं घेतात.

आणि प्लासिबोवर नेहमीच इतके कमी लोक सुधारतात असं नाही. २००८ ची सोरायसिसची एक प्रसिद्ध चाचणी आहे, अडॅलिमुमॅब (टीएनएफ अडवणारं इंजेक्शन), मेथोट्रेक्सेट आणि प्लासिबो. सोळा आठवड्यांनी पाऊण हिश्श्याची सुधारणा अनुक्रमे ७९.६, ३५.५ आणि १८.९ टक्क्यांत. नुसत्या प्लासिबोवर जवळजवळ पाचातला एक! आजीचं तेल लागू पडलं हे मी खोटं म्हणत नाही, निगडीचा पाला, पण तेल नसतं तरी या पाचातला एक बरा होणारच होता, तो तेलाच्या खात्यावर जमा होतो. आमच्या गोळ्यांच्याही होतो.

वाशिष्ठी

चिपळूणची, सध्या पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर. म्हणजे बंदरावरच्या दादांच्या गोष्टीतली बाहेर जाऊन थांबणारी मुलगी, तशी मी :) पाकिटांचा हिशेब आम्हीच मागतो, आणि आमचा हिशेब मॉनिटर (कंपनीच्या वतीने तपासायला येणारा माणूस) मागतो.

कुळागरताई, तो गठ्ठा पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी 'इतर गटांना काय मिळेल' हा भाग शोधा. सारं तिथे आहे. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांच्या चाचणीत बहुधा ती चालूच ठेवतात आणि वर नवं औषध किंवा प्लासिबो देतात, म्हणजे आई एकदम उघड्यावर पडत नाही. तरी विचारा: सुधारणा झाली नाही तर कितव्या आठवड्याला दुसरं औषध देता? याला आम्ही रेस्क्यू म्हणतो. त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी माझ्या आईला घालणार नाही.

मग दुखापतीचा भाग. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत काही इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा ती चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, फुकट उपचार द्यावे लागतात. चाचणीमुळे झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. नवीन रेणू असेल आणि पेशंट दुर्बल गटातला असेल तर संमतीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. एथिक्स कमिटीचा (पेशंटच्या हक्कांवर नजर ठेवणाऱ्या समितीचा) फोन नंबर कागदावर असतो. तो शोभेला नसतो, फोन करा, उचलतात. सहीची एक प्रत तुमच्याकडे राहते. आणि केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येतं, त्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत असते. ही नोंदवही आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) दिल्लीतली संस्था चालवते, २००७ ला सुरू झाली, १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. कागदावर सीटीआरआयचा क्रमांक असतो, तो तिथे टाकून बघा. कोणत्या औषधाची तुलना कशाशी आहे, कोणाला घेणार, कोणाला नाही, कुठकुठली केंद्रं आहेत, सगळं दिसतं. क्रमांकच नसेल तर पुढे बोलूच नका.

आणि खरी अडचण सांगू? कोकणातल्या पेशंटचा नकार भीतीमुळे कमी, गाडीमुळे जास्त येतो. भेटीची तारीख ठरलेली असते, पुढेमागे दोन-तीन दिवसांची सवलत. जुलैत घाट बंद, रेल्वे रखडलेली, की भेट हुकली. प्रवासखर्च मिळतो, पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो त्याचं काय? गणपतीत येणारी भेट आधी कॅलेंडरवर बघून घ्या, मी गंमत करत नाहीये.

गोळीबार

नाव बघून घाबरू नका, औषधांचं दुकान आहे, सावंतवाडीकडे. विषय थोडा बाजूचा आहे, पण मेथोट्रेक्सेटचं नाव निघालं म्हणून लिहितोच.

ही गोळी आरए आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदा असते. रोज नाही. आमच्या भागात रोज घेतलेले लोक मी पाहिलेत. तोंडात फोड, गिळता येत नाही, रक्तातल्या पेशी खाली. चिठ्ठीवर घाईघाईत लिहिलेलं असतं, सोबत फॉलिक ॲसिड असतं, दोन्ही बारीक गोळ्या, म्हाताऱ्या माणसाची अदलाबदल होते. मी स्ट्रिपवर मार्करने 'रविवार' लिहितो आणि फॉलिकवर 'रविवार सोडून', डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर. वार पेशंटने निवडायचा, बाजाराचा नको, त्या दिवशी विसरतात. रक्त आणि लिव्हरची तपासणी सांगितल्याप्रमाणे करायची, आणि काजूचा हंगाम आला म्हणून फेणीचा घोट नको. मूल हवं असणाऱ्या मुलीने तर आधी डॉक्टरशी बोलून गोळी बंद करूनच पुढे जायचं.

अवांतर: या गोळीच्या घराण्याचा उगम आपल्याच माणसाकडे जातो. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत होते, त्यांच्या चमूने अमिनोप्टेरिन आणि मग मेथोट्रेक्सेट बनवलं, मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी. १९५१ मध्ये गब्नर यांच्या लक्षात आलं की अमिनोप्टेरिनने सांधे आणि सोरायसिस दोन्ही निवळतात. तरी आरएसाठी अमेरिकेची मान्यता यायला १९८८ उजाडलं.

मालवणी खाजा

'रविवार सोडून' वालां माका जाम आवडला. पण रविवारी म्हावऱ्याच्या जेवणानंतर गोळी इसरतत त्याचा काय? :))

आता मराठीत. मावशीचं झालं तसं मामीचं आरए. तिला टीएनएफ अडवणारं इंजेक्शन चालू केलं. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरला नाही. आमच्याकडे मिरग लागला की लाइट जाते ती कधी येईल ते महावितरणलाही माहीत नसतं. खोक्यावर २५ अंशांपर्यंत काही दिवस चालेल असं लिहिलंय. अहो, आमच्या माजघरात २५ अंश असतात कधी? मग मामा बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणतो, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, वर टॉवेल, वर डबा, डब्यात पेन, सोबत थर्मामीटर. पेनाला बर्फ टेकू द्यायचा नाही. पेटीला सुरमईचा वास आहे, औषधाला काही होत नाही म्हणाले.

डॉ. कातळसडा

वासाने काही होत नाही, थिजल्याने होतं. मामा हुशार आहेत.

पावसाचा विषय निघाला म्हणून: प्रतिकारशक्ती दाबणारं काहीही चालू असेल आणि लावणीच्या दिवसांत ताप आला, तर 'पावसात भिजलं असेल' म्हणून घरी थांबू नका. लेप्टो आपल्याकडे आहे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात माकडताप आहे. ताप आला की डॉक्टरला आधी इंजेक्शनचं नाव सांगायचं. पायाला जखम असताना चिखलात उतरायचं नाही, हे बोलायला सोपं आहे याची मला कल्पना आहे.

कुळागर, ट्रायलला 'हो' म्हणण्याआधी अजून एक बघा. आईंना तीन गोळ्यांचा एकत्र उपचार देऊन झालाय का? मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. यातली सल्फासलाझिन १९४० च्या सुमारास स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठीच काढलेली (हो, बाई होत्या). २०१३ मध्ये मेथोट्रेक्सेटने न भागलेल्या ३५३ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली, निम्म्यांना या तीन गोळ्या, निम्म्यांना एटानरसेप्टचं महागडं इंजेक्शन आणि मेथोट्रेक्सेट. गोळ्यांची बाजू इंजेक्शनपेक्षा कमी पडली नाही. माझ्या मते कोकणातल्या पेशंटच्या दृष्टीने गेल्या पंधरा-वीस वर्षांतली ही सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि तिची जाहिरात कोणी करत नाही, कारण तीनही गोळ्या जुन्या आणि स्वस्त. सल्फाची ॲलर्जी नको आणि डोळ्यांची तपासणी नियमित हवी, एवढं सांभाळायचं.

टोफासिटिनिब ही आरएची गोळी हल्ली स्वस्त झाली म्हणून सहज लिहिली जाते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या ४३६२ आरए पेशंटची चाचणी २०२२ मध्ये आली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असल्या घटना टोफासिटिनिबवर ३.४ टक्के, टीएनएफवाल्या इंजेक्शनांवर २.५. कर्करोग ४.२ आणि २.९. फरक मोठा नाही, पण एकसष्टीच्या बाईला बीपी असेल तर विचार करून द्यायचं औषध आहे.

कुळागर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा वर काढतेय कारण बरंच काही झालं.

काकीची नखं बघितली. खड्डे आहेत, उजव्या तर्जनीचं नख अर्धं सुटलंय. ती त्यावर नेलपॉलिश लावायची, म्हणून आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. सोरायटिक आर्थ्रायटिसच निघाला, उपचार बदलले.

आईला मी कागद वाचून दाखवले, वाशिष्ठीताईंनी सांगितलं त्या क्रमाने. रेस्क्यूचं उत्तर स्पष्ट मिळालं, सीटीआरआयवर नोंद सापडली. तिने स्वतः 'जाऊया' म्हटलं. सही करून आधीच्या तपासण्या झाल्या, छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, टीबीची रक्ततपासणी. टीबीची पॉझिटिव्ह आली. एक्स-रे साफ, खोकला-ताप काही नाही. ते म्हणाले, सुप्त टीबी आहे, प्रतिबंधक गोळ्या सुरू करा, निदान महिनाभर झाल्यावर पुन्हा विचार करू. बाबा हादरलेत, घरात भांडी वेगळी करायचं बोलत होते.

डॉ. कातळसडा

बाबांना सांगा, सुप्त टीबी पसरत नाही, भांडी एकत्रच राहू द्या. जंतू शरीरात झोपलेला आहे एवढाच अर्थ, आपल्या देशात असे लोक खूप आहेत. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांवर टीबी उठतो हे २००१ मध्ये ७० पेशंटच्या नोंदींवरून पुढे आलं, तेव्हापासून ही तपासणी आधी करतात. म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीच्या पेशंटना झालेल्या त्रासामुळे तुमच्या आईंची ही तपासणी झाली. प्रतिबंधक गोळ्या पूर्ण करा, ट्रायलला जा किंवा जाऊ नका. मात्र या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही लिव्हरवर येतात, तेव्हा एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) लवकर-लवकर बघायला सांगा.

खाडीपलीकडे

ट्रायलमुळे टीबीचं कळलं हे मान्य. पण हीच तपासणी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिण्याआधी इथे का झाली नाही, हा माझा प्रश्न राहतोच.

डॉ. कातळसडा

रास्त प्रश्न. माझ्याकडे त्याचं सोयीस्कर उत्तर नाही.

कुळागर

आईचं सध्या असं ठरलंय: टीबीच्या गोळ्या आणि त्या तीन गोळ्यांचा उपचार, इथल्याच डॉक्टरांकडे. ट्रायलवाल्यांना तिने स्वतः फोन करून सांगितलं, आंबा उतरल्यावर बघू. तीन गोळ्यांनी भागलं तर मग तुम्हाला मी चालणार नाही ना, असंही तिने विचारलं. ते हसून 'मग तर उत्तमच' म्हणाले. मूठ अजून पूर्ण मिटत नाही.

सड्यावरची

धागा पूर्ण वाचला. मला सोरायसिस आहे, राजापूरला राहते, मुंबई जमणार नाही. कोल्हापूर किंवा गोव्यात काही चालू आहे का ते कसं शोधायचं?

वाशिष्ठी

सीटीआरआयच्या शोधात आजाराचं नाव इंग्रजीतून टाका. यादी येईल, प्रत्येक नोंद उघडून 'साइट्स'पर्यंत खाली जा, तिथे शहर आणि मुख्य डॉक्टरांचं नाव असतं. पेशंट घेणं चालू आहे की बंद तेही बघा, बऱ्याच नोंदी जुन्या असतात. फोन करण्याआधी आत्तापर्यंतच्या औषधांची यादी, कधी सुरू आणि कधी बंद, एका कागदावर लिहून ठेवा. पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन बंद करून किती आठवडे झाले यावर पुढचं ठरतं. फक्त ट्रायलमध्ये बसावं म्हणून चालू औषध स्वतःहून बंद करू नका. काही अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.